सहा महिन्यांचा उपचार, सहा महिन्यांचा हंगाम: बालाघाटावरच्या एका ऊसतोड कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावरची बरीच गावे दिवाळी आटोपली की निम्मी रिकामी होतात. जमीन मुरमाड, विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत टिकले तर नशीब, आणि कापूस-सोयाबीनवर वर्ष निघत नाही. म्हणून पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको ट्रॅक्टरने, ट्रकने किंवा बैलगाडी घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात. मुकादमाच्या हिशेबात हे जोडपे म्हणजे एक कोयता. दोघांतले एकच आले तर अर्धा कोयता. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे, पाच-सहा महिने कोपीत (ताडपत्रीच्या झोपडीत) काढायचे, पहाटे तीन-चारला उठून उसाच्या फडात जायचे, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा लागायचा, म्हणजे पैसे कापले जायचे.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचारही सहा महिन्यांचाच आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दसऱ्याच्या सुमारास निदान झालेल्या मजुराचा जवळजवळ सगळा उपचार म्हणूनच हंगामात सापडतो. औषध सुरू होते एका जिल्ह्यात, गोळ्या गिळायच्या असतात दुसऱ्या जिल्ह्यात, आणि प्रयोगशाळेचा निकाल येतो तिसऱ्याच ठिकाणी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात 1 कोटी 8 लाख लोकांना नव्याने क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख माणसे दगावली. त्या रुग्णांपैकी साधारण 26 टक्के एकट्या भारतातले. जिवाणूचा शोध 1882 मध्ये लागला, गुणकारी औषधे 1940-50च्या दशकांपासून हातात आहेत, तरी हा आकडा एवढा मोठा आहे. त्यामागची कारणे जागतिक परिषदांमध्ये मांडली जातात, पण मला ती नेमकी दिसली ती एका कोयत्यात.

मी त्या काळात तालुक्याच्या क्षयरोग कामात डॉक्टर होते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना आणि काही तपशील सांगितलेले नाहीत किंवा बदलले आहेत.

रुग्ण आणि निदान

बाई तिशीच्या आतली. नवरा, सासू, शाळेत जाणारी दोन मुले आणि चार वर्षांचा धाकटा. दरवर्षी नवरा-बायको धाकट्याला घेऊन कारखान्यावर जात, आणि थोरली दोघे आजीजवळ गावात शाळेसाठी राहत.

श्रावणापासून तिला खोकला होता. संध्याकाळी कणकण, जेवण जात नव्हते, ब्लाउज सैल पडायला लागले होते. बाजारच्या गावी एका खासगी दवाखान्यात खोकल्याची बाटली, दोनदा सलाईन आणि जास्त ताकदीच्या म्हणून दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या झाल्या. त्या गोळ्यांनी दहाबारा दिवस बरे वाटले, मग खोकला पुन्हा सुरू झाला. हा अनुभव नवा नाही. फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके क्षयाच्या जिवाणूलाही काही काळ दबवतात. त्यामुळे रुग्णाला उतार पडल्यासारखे वाटते, निदान लांबते, आणि पुढे कामी येणारे एक औषध बोथट होण्याचा धोका वाढतो.

नवरात्रात आशाताई घरोघरी फिरताना या घरी थांबल्या. बाई दारातच खोकत होती. ताईंनी बेडक्याची डबी दिली, सकाळचा नमुना ग्रामीण रुग्णालयात पोचवला. ट्रूनॅट यंत्रावर तपासणी झाली: क्षयाचे जिवाणू आहेत, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात. वजन 36 किलो भरले. त्या वजनाला रोज तीन एकत्रित गोळ्या बसतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला डोस घेतला. लघवी लाल होईल, घाबरू नका, हे ताईंनी आधीच सांगून ठेवले होते. ते सांगितले नाही तर कित्येक रुग्ण दुसऱ्या दिवशीच गोळ्या बंद करतात.

बेडक्याचा दुसरा नमुना विभागीय प्रयोगशाळेकडे जायचा होता. ट्रूनॅटचे यंत्र फक्त रिफाम्पिसिनबद्दल सांगते. दुसरे महत्त्वाचे औषध आयसोनियाझिड लागू पडते का, ते ‘लाइन प्रोब अ‍ॅसे’ या चाचणीवर कळते, आणि ती चाचणी तालुक्यात होत नाही. 2014 ते 2016 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्क्यांमध्ये आणि आधी उपचार झालेल्यांपैकी 25 टक्क्यांमध्ये आयसोनियाझिडला दाद न देणारे जिवाणू सापडले होते. नऊ-दहा नव्या रुग्णांत एक, हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. नमुना दिवाळीच्या सुट्ट्यांत अडकला आणि उशिरा रवाना झाला.

पेच

उचल लाखाच्या आसपास होती. त्यातले बरेचसे पैसे आधीच्या हंगामाची बाकी, सासऱ्यांच्या आजारपणाचे देणे आणि घराच्या पत्र्यांवर खर्च झाले होते. टोळी दिवाळीनंतर आठवड्याने निघणार होती.

बाई दवाखान्यात आली तेव्हा तिने आजाराबद्दल फार विचारले नाही. तिचा प्रश्न सरळ होता: “मी नाय गेले तर ह्यांचा कोयता अर्धा व्हतोय. मग उचल कशानं फेडायची?”

आमच्या बाजूचे प्रश्न वेगळे होते. तिच्या बेडक्यात जिवाणू होते, म्हणजे तिच्यापासून लागण होऊ शकत होती. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, आत उभे राहता येणार नाही एवढी जागा. तिथे चार वर्षांचे मूल आईच्या कुशीत झोपणार. अशक्त शरीर, रात्रीच्या पाळीत गाडी भरणे, मोळ्या डोक्यावरून वाहणे. शिवाय कारखाना तीनशेच्या आसपास किलोमीटरवर. उपचार मध्येच तुटला तर ती पुन्हा आजारी पडेल, आणि तेव्हाचा जिवाणू जास्त चिवट असेल.

समोरचे पर्याय

तिने गावातच राहावे आणि नवऱ्याने एकट्याने जावे, हा आमच्या कर्मचाऱ्यांचा पहिला सल्ला होता. वैद्यकीयदृष्ट्या तो सर्वांत सोपा. पण अर्ध्या कोयत्याच्या कमाईत उचल फिटणार नव्हती, आणि फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर चढते. कर्ज वाढले की घरातले खाणे घटते, आणि क्षयाच्या रुग्णाचे खाणे घटणे हा वैद्यकीयच प्रश्न आहे. तेव्हा हा पर्याय दिसतो तितका सुरक्षित नव्हता.

नवऱ्याने जोडीला दुसरे कोणी न्यावे, असे सासूने सुचवले. नात्यातली एक विधवा बाई तयार होती. मात्र तिचा वाटा तिला द्यावा लागला असता, आणि त्या बाईच्या नावाने मुकादम नवी उचल देणार नव्हता.

दवाखान्यात भरती करावे, असेही एकाने म्हटले. ही कल्पना जुन्या सॅनेटोरियमच्या काळातली. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने याच प्रश्नाचा छडा लावला होता. दाटीवाटीच्या वस्तीतल्या गरीब रुग्णांपैकी काहींना घरी ठेवून औषधे दिली, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवले की घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना होणारी लागण जास्त नसते. जो काही संसर्ग व्हायचा तो बहुतेक उपचाराआधीच होऊन गेलेला असतो. जगभरातले क्षयरोग कार्यक्रम याच भारतीय अभ्यासावर उभे राहिले. तिला महिनोन्महिने खाटेवर बांधून ठेवायला वैद्यकीय आधार नव्हता.

चौथा पर्याय: तिने जावे आणि उपचार तिच्यामागून जावा. निक्षय या नोंदणी यंत्रणेत रुग्णाचे दुसऱ्या जिल्ह्यात हस्तांतर करता येते. कागदावर ते सोपे आहे.

मुकादमाला सांगायचे का?

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय औषधाचा नव्हताच. तो हा होता.

मुकादमाला आजार कळला तर तो तिला हलके काम देऊ शकेल, उशिरा येऊ देईल, गरज पडल्यास फोन लावून देईल. किंवा टोळीतून काढून टाकेल, उचल परत मागेल, आणि शेजारच्या कोप्यांमधली माणसे तिच्या हातचे पाणी पिणार नाहीत. पर्यवेक्षकांचे मत होते की टोळीच्या भल्यासाठी मुकादमाला आपणच सांगावे. मला ते मान्य नव्हते. आजार तिचा होता, आणि तो कोणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्कही तिचाच. त्या हक्काला धक्का लागला की पुढच्या वर्षी त्या गावातला दुसरा माणूस बेडका तपासायला येणार नाही.

तिला घरी विचार करायला वेळ दिला. दोन दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन आली. म्हणाली, “मुकादमाच्या मालकिणीला मीच सांगते. छातीचा आजार हाय, रोज गोळ्या हायेत, एवढंच. नाव नाय घ्यायचं.” मुकादम भावकीतला होता, आणि त्याच्या बायकोशी तिचे बरे होते. आम्ही तेवढ्यावर थांबलो.

या निर्णयाने तिची जागा टिकली. त्याची किंमतही होती. शेजारच्या कोप्यांतल्या माणसांची तपासणी आम्हाला तेव्हा उघडपणे सुचवता आली नाही.

काय ठरले

तोडगा मधला निघाला. नवरा टोळीबरोबर गेला. ती आणि धाकटा महिनाभर मागे राहिले. नियमित उपचारात साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. महिना धरला तर शरीरातही थोडी ताकद येईल, एवढा हिशेब. तेवढ्या दिवसांचे खाडे नवऱ्याच्या खात्यावर पडणार होते. ते त्याने मान्य केले. “माणूस ऱ्हायलं तर कोयता,” एवढेच तो म्हणाला.

घरातल्या बाकीच्यांना तपासायचे होते. नवऱ्याला आणि सासूला विचारले: खोकला, ताप, वजन उतरले का? दोघेही नाही म्हणाले. एक्स-रेसाठी तालुक्याला यायला सांगितले होते. नवरा निघायच्या गडबडीत राहिला. सासू म्हणाली, मला काय धाड भरलीय. धाकट्याला मात्र रुग्णालयात आणून तपासले, आजार नाही याची खात्री केली आणि प्रतिबंध म्हणून सहा महिन्यांचे आयसोनियाझिड सुरू केले. पाच वर्षांखालच्या मुलात लागण झाली की आजार झपाट्याने वाढतो, कधी मेंदूपर्यंत पोचतो. त्यामुळे तिथे आम्ही ढिलाई केली नाही.

पोषणासाठी सरकार उपचारकाळात दरमहा 1000 रुपये देते. 2018 मध्ये ही रक्कम 500 होती, नोव्हेंबर 2024 पासून ती दुप्पट झाली. पण तिचे बँक खाते वापरात नसल्यामुळे बंद पडलेले. ते चालू करून घेण्यात, अंगठे उमटवण्यात आणि आधार जोडण्यात आठवडे गेले. पैसे आले तेव्हा ती फडात होती.

हे पैसे किरकोळ समजू नयेत. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचे धान्य आणि डाळ दिली, तर त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. लशीकडून अपेक्षा करावी असा हा परिणाम तांदूळ-डाळीने दिला. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कितीतरी कमी झाले. कोपीत पहाटे भाकरी आणि ठेचा, दुपारी तेच, रात्री भात असला तर. या खाण्यावर मोळ्या वाहायच्या आणि फुप्फुसही भरून काढायचे. आशाताईंनी शेंगदाण्याचे लाडू, डाळवे आणि अंडी यांचा आग्रह धरला. मुकादमाच्या बायकोने आपल्या किराण्यात तिच्यासाठी शेंगदाणे धरले, असे पुढे कळले.

नोव्हेंबरच्या शेवटी ती धाकट्याला घेऊन एसटीने निघाली. बरोबर महिन्याच्या गोळ्या, उपचाराचे कार्ड आणि नवऱ्याचा फोन नंबर.

डिसेंबरचा निकाल

ती गेल्यानंतर लाइन प्रोबचा निकाल आला. आयसोनियाझिडला जिवाणू दाद देत नव्हता.

म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास ती जी चार औषधे घेत होती, त्यातले एक निकामी होते. तीन चालू होती, म्हणून खोकला कमी झाला होता आणि वजनही थोडे वाढले होते. पण हाच उपचार पुढे नेला असता, तर नंतरच्या टप्प्यात पायराझिनामाइड बंद होऊन रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटॉल एवढीच दोन उरली असती. रिफाम्पिसिन हातचे जाण्याचा रस्ता असाच तयार होतो. ते गेले की आजार बहुऔषधरोधी होतो आणि त्याचा उपचार फार जड असतो. अशा आजारासाठी बेडाक्विलिन हे औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यावर आधारलेला सहा महिन्यांचा उपचार भारताने 2024 मध्ये स्वीकारला. त्याआधी अशा रुग्णांना नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत गोळ्या, आणि कित्येकांना कान बधिर करणारी इंजेक्शने घ्यावी लागत. त्या वाटेला तिला जाऊ द्यायचे नव्हते.

निकाल आमच्या संगणकावर आला, बाई तीनशे किलोमीटरवर. नवऱ्याच्या नंबरवर फोन लागेना. रिचार्ज संपले होते. हस्तांतराची विनंती तिकडच्या केंद्राने स्वीकारलेली दिसत होती, पण तिथले कर्मचारी कारखान्याच्या तळावर गेले तेव्हा टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हललेली. कारखाना म्हणजे एक ठिकाण असे कार्डावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात टोळी ऊस असेल तिकडे कोप्या उचलून नेते.

शेवटी ती सापडली मुकादमाच्या फोनवरून. आशाताईंनी मुकादमाच्या बायकोला फोन केला आणि “तिच्या गोळ्या बदलायच्या आहेत” एवढेच सांगितले. आजाराचे नाव घेतले नाही. तिकडच्या तालुक्याचे पर्यवेक्षक मोटारसायकलवरून रात्री कोपीवर गेले, कारण दिवसा ती फडात असायची. या माणसाचे ऋण मोठे आहे. त्याच्या पत्रकात अशा फेरीसाठी रकाना नाही.

त्याच नमुन्यावर लिव्होफ्लॉक्सासिन (फ्लुरोक्विनोलोन गटातलेच औषध) लागू पडते का, हेही तपासले होते. सुदैवाने पडत होते. श्रावणातल्या त्या खासगी गोळ्यांनी नुकसान केले नव्हते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नवा उपचार सुरू झाला: लिव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथाम्ब्युटॉल, पायराझिनामाइड, सहाही महिने चारही औषधे. मोजणी पुन्हा एकपासून. आधीचे दिवस धरत नाहीत हे ऐकल्यावर ती रडली, असे पर्यवेक्षकांनी सांगितले.

धाकट्याचेही बदलणे आले. आईचा जिवाणू आयसोनियाझिडला जुमानत नसेल, तर मुलाला दिलेले तेच औषध त्याला वाचवणार नाही. तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात त्याचा पुन्हा एक्स-रे झाला, आजार नव्हता, आणि चार महिन्यांचे रिफाम्पिसिन सुरू झाले. एका उशिरा आलेल्या निकालाने दोन माणसांचा उपचार चुकीच्या औषधावर चालू राहिला होता.

जानेवारीत तिच्या टाचेमागची शीर दुखायला लागली. लिव्होफ्लॉक्सासिनने स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरांना इजा होऊ शकते, आणि ही बाई डोक्यावर मोळी घेऊन सरीतून फळीवर चढत होती. सूज नव्हती. डॉक्टरांनी मोळी उचलणे बंद करायला सांगितले. ती मोळ्यांची बांधणी आणि वाढे (उसाचे शेंडे) गोळा करणे यावर आली, नवरा एकटा वाहू लागला. दुखणे उतरले, औषध टिकले. आणखी एक अडचण होती. तिला रक्तवाढीच्या गोळ्याही चालू होत्या, आणि लोह पोटात लिव्होफ्लॉक्सासिनला धरून ठेवते. दोन्हीमध्ये काही तासांचे अंतर हवे. फडातल्या माणसाला हे तासांत सांगून उपयोग नसतो. एक पहाटे फडात जायच्या आधी, दुसरी रात्री जेवल्यावर, असे ठरवून दिले.

टोळीची आणि घरची तपासणी

शेजारच्या कोप्यांचा प्रश्न तिकडच्या केंद्राने चांगला सोडवला. हातात धरून नेता येणारे एक्स-रे यंत्र मोहिमेसाठी आले होते. त्यांनी एका बाईच्या भोवतालच्या माणसांना वेगळे न काढता सगळ्या तळाचीच तपासणी केली. कोणाचे नाव निघाले नाही. या टोळीत दुसरा रुग्ण सापडला नाही.

रुग्ण सापडला गावात. तसेच यंत्र मोहिमेत इकडच्या गावी आले तेव्हा सासूच्या एक्स-रेत डाग दिसला. खोकला नव्हता, ताप नव्हता. बेडका काढायला तिला कष्ट पडले, पण त्यात जिवाणू निघाले. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के फक्त एक्स-रेमुळे सापडले होते. लक्षणे विचारून ते निसटले असते. सासू त्यातलीच. दोन नातवंडे सगळा हंगाम तिच्याजवळ झोपत होती. त्यांची तपासणी त्याच आठवड्यात केली. दोघेही निरोगी निघाली, प्रतिबंधक औषध सुरू झाले. सासूच्या नमुन्याची लाइन प्रोब या वेळी आम्ही मागे लागून करवून घेतली. तिचा जिवाणूही आयसोनियाझिडला दाद न देणारा.

निष्पत्ती

पट्टा पडला तेव्हा नवरा-बायको धाकट्याला घेऊन परतले. उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या तिने गावात घेतल्या. जूनच्या अखेरीस उपचार संपला. बेडक्यात जिवाणू नाहीत, वजन 41 किलो. धाकट्याने चार महिन्यांचे औषध पूर्ण केले. उचलीतली बाकी राहिली, ती पुढच्या हंगामावर गेली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. ती महिनाभर गावात होती तेव्हा तिचा निकाल मिळवणे शक्य होते. “रिफाम्पिसिनला दाद देतो” हे वाचले की सगळी यंत्रणा निर्धास्त होते, आणि दुसऱ्या नमुन्याचा पाठपुरावा कोणी करत नाही. जो रुग्ण जिल्हा सोडून जाणार आहे त्याचा नमुना दिवाळीत अडकू देता कामा नये. आयसोनियाझिडसकट अनेक औषधांचा निकाल दीड तासाच्या आसपास देणाऱ्या, तपासणी यंत्रात घालायच्या कार्ट्रिजची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली आहे. ती आमच्या तालुक्यापर्यंत पोचली असती, तर हे प्रकरण निम्मे छोटे झाले असते.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. सासूने नकार दिला तेव्हा आम्ही तो स्वीकारला, कारण रुग्ण ती नव्हती. यंत्र घरापर्यंत गेले असते तर तिचा आजार चारपाच महिने आधी सापडला असता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊसतोड गावांतली शोधमोहीम दसऱ्याला करून उपयोग नाही. उचल आषाढ-श्रावणात वाटली जाते. त्याच सुमारास टोळीतल्या प्रत्येकाचा एक्स-रे झाला, तर सापडलेल्या रुग्णाचा निम्मा उपचार गावात होतो, सगळे निकाल हातात येतात, आणि तो निघतो तेव्हा दुसऱ्याला लागण देत नाही. या बाईचा खोकला श्रावणातच सुरू झाला होता.

कार्डावर एक नंबर असतो, तिथे तीन हवेत: घरचा, मुकादमाचा, आणि ज्याच्या किराण्याच्या दुकानात टोळी जाते त्याचा. कारखान्याच्या नावाबरोबर टोळीचा आणि मुकादमाचा क्रमांक हवा, कारण कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला टोळी आज कुठे तोडतेय ते रोज माहीत असते. ही माहिती ऊस वेळेत गव्हाणीत पडावा म्हणून ठेवलेली आहे. ती आरोग्य यंत्रणेला देता येईल अशी सोय व्हायला हवी, रुग्णाचे नाव उघड न करता.

संशोधनाबद्दलही एक सांगायचे आहे. 1970च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणला. तेव्हापासून बहुतेक जग तिथेच आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांत अडीच हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीने रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या आधारे चार महिनेही पुरतात हे दाखवले. चार महिन्यांचा उपचार श्रावणात सुरू झाला तर टोळी निघेपर्यंत त्यातला मोठा भाग संपलेला असेल. आमच्या माणसांसाठी दोन महिने कमी होणे ही केवळ सोय नाही. पण त्या चार महिन्यांच्या औषधांतही आयसोनियाझिड आहे. म्हणजे या बाईला तो उपचार लागू पडलाच नसता, आणि तालुक्यात चाचणी नसल्याने ते कळलेही नसते. उपचार लहान करणारे संशोधन आणि चाचणी जवळ आणणारे काम वेगवेगळ्या वेगाने चालले, तर लहान उपचाराचा फायदा शहरातल्या रुग्णाला होईल आणि फडातला रुग्ण मागेच राहील. लशीच्या मोठ्या चाचण्या 2024 पासून आफ्रिका आणि इंडोनेशियात चालू आहेत. त्यांचा निकाल येईपर्यंतही आमच्याकडे कित्येक हंगाम जाणार आहेत.

सध्याची स्थिती

सासूचा उपचार चालू आहे. ती घरी नातवंडांबरोबर आहे, गोळ्या आशाताईंसमोर घेते. हे कुटुंब याही पावसाळ्यात उचल घेऊन बसले आहे. आजी बरी झाल्याची खात्री होईपर्यंत थोरल्या दोघांना हंगामी वसतिगृहात ठेवावे असे आम्ही सुचवले. आई तयार आहे, आजीने अजून होकार दिलेला नाही. तालुक्यातल्या निवडक ऊसतोड गावांत यंदा श्रावणात एक्स-रे यंत्र फिरवायची मागणी जिल्ह्याकडे गेली आहे. यंत्र मिळाले तर पहिले गाव हेच असेल.